एल्कच्या शिकारीसाठी सौम्य धक्क्याचे काडतूस: माझी निवड आणि तिची कारणे

मे महिना सरत आला की अमेरिकेतल्या कोलोरॅडोत एल्कच्या, म्हणजे इथल्या एका मोठ्या हरणाच्या, शिकारीच्या परवान्यांच्या सोडतीचे निकाल कळू लागतात, आणि ज्यांना पहिल्यांदाच परवाना मिळालेला असतो अशा आपल्या मराठी मंडळींपैकी कोणी ना कोणी मला हमखास विचारते, की खांद्याला फार धक्का न देणारे आणि तरीही एल्कला पुरे पडणारे काडतूस कोणते. विचारणाऱ्यांत स्त्रिया अधिक असल्या तरी पुरुषही असतात, आणि त्यात संकोच वाटण्याजोगे काहीही नाही. मी स्वतः चणीने लहान आहे, रॉकी पर्वताच्या पश्चिम उतारावर राहते, आणि गेली अनेक वर्षे या प्रश्नाला माझे उत्तर बदललेले नाही: ७ एमएम-०८ रेमिंग्टन हे काडतूस, त्यात १४० ग्रेन (सुमारे ९ ग्रॅम) वजनाची भक्कम बांधणीची गोळी, आणि ३०० यार्डांपलीकडे बार न टाकण्याचा स्वतःशी केलेला करार. हे उत्तर एका वाक्यात सांगून भागत नाही, कारण त्यामागे प्राण्याचे शरीर, बंदुकीचे भौतिकशास्त्र आणि माणसाच्या मज्जासंस्थेचा स्वभाव असे तीन विषय एकमेकांत गुंतलेले आहेत.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा विषय आपल्या पिढीच्या अनुभवातून जवळजवळ नाहीसा झाला, त्यामुळे इथे आलेल्या बहुतेकांच्या घरात या बाबतीत सल्ला देणारे वडीलधारे कोणी नसते. जे नोकरीच्या व्हिसावर आहेत त्यांनी बंदूक हाताळण्यापूर्वी आपल्या व्हिसाच्या वर्गाला संघराज्याचा कायदा काय मुभा देतो, हे वकिलाकडून नीट समजून घ्यावे. शिकारीचा वैध परवाना असणे याला त्या कायद्यात महत्त्व आहे, पण ऐकीव माहितीवर विसंबण्याचा हा विषय नव्हे.

आधी प्राण्याविषयी. एल्क हा हरणांच्या कुळातला, काश्मिरातल्या हंगुलाचा जवळचा नातेवाईक आहे. पूर्ण वाढलेला नर सुमारे ७०० पाउंड, म्हणजे सव्वातीनशे किलोच्या आसपास भरतो, तर मादी सुमारे ५०० पाउंड भरते. ज्यांनी आजवर फक्त म्यूल डिअर हे त्याहून बरेच लहान हरीण मारले आहे त्यांना हा आकार प्रत्यक्ष समोर येईपर्यंत उमगत नाही. खांद्याचे फावड्यासारखे रुंद हाड, त्याखालचा बाहूच्या हाडाचा जाड सांधा, ओल्या चिखलाने माखलेली जाड केसाळ कातडी आणि बरगड्यांवरचा स्नायूंचा थर हे सगळे ओलांडून गोळीला फुप्फुसांपर्यंत पोहोचायचे असते. मात्र याच आकाराची दुसरी बाजू अशी, की एल्कचा मर्मभाग, म्हणजे हृदय आणि दोन्ही फुप्फुसे मिळून होणारा भाग, फूटभराहूनही थोडा रुंद असतो. दोन्ही फुप्फुसांतून आरपार छिद्र पडले तर एल्क फार दूर जात नाही. पोटात किंवा मागच्या मांडीत गोळी लागली तर ती कितीही मोठ्या काडतुसातून सुटलेली असो, जायबंदी झालेला प्राणी स्प्रूसच्या दाट रानात डोंगर चढत निघून जातो, आणि मग रक्ताचा माग काढत अंधारात चालण्याची वेळ येते, जी कोणत्याही शिकाऱ्यावर येऊ नये. माझ्या मते काडतुसाच्या निवडीची सगळी चर्चा या एका गोष्टीपासून सुरू झाली पाहिजे.

कायदा याबाबत काय म्हणतो तेही पाहावे. कोलोरॅडोत मोठ्या जनावरांसाठी रायफल किमान .२४ कॅलिबरची (म्हणजे इंचातल्या व्यासाची) असावी लागते, गोळी फुगणाऱ्या प्रकारची असावी लागते, एल्क आणि मूस (हरणांच्या कुळातले सर्वांत मोठे जनावर) यांच्यासाठी तिचे वजन किमान ८५ ग्रेन असावे लागते, आणि उत्पादकाच्या तक्त्यानुसार १०० यार्डांवर तिच्यात किमान १,००० फूट-पाउंड ऊर्जा असावी लागते. म्हणजे .२४३ विंचेस्टरसारखे हलके काडतूसही इथे कायद्याच्या कसोटीला उतरते. स्वीडनमध्ये मूससाठी नियम याहून कडक आहेत: गोळी ९ ग्रॅमची असेल तर १०० मीटरवर २,७०० ज्यूल, आणि १० ग्रॅम किंवा अधिक असेल तर २,००० ज्यूल. तरीही १८९० च्या दशकातले ६.५×५५ हे काडतूस १५६ ग्रेनच्या लांब गोळीसह तिथे आजही मूससाठी सर्रास वापरले जाते, आणि मूस एल्कहून जड असतो. अर्थात तिथली शिकार बहुतांशी कुत्र्यांच्या मदतीने आणि जंगलातल्या जवळच्या अंतरावर होते, त्यामुळे तो अनुभव जसाच्या तसा इथल्या फ्लॅट टॉप्स या डोंगराळ पठाराच्या उघड्या कुरणांवर आणता येत नाही. पण मध्यम वेगाची, लांब आणि जड गोळी मोठ्या जनावराच्या शरीरात किती खोल जाते याचा तो शतकाहून अधिक काळाचा पुरावा आहे.

आता धक्क्याविषयी, ज्याला सगळे रिकॉइल म्हणतात. गोळी आणि तिच्यामागून सुटणारा दारूचा वायू पुढे जातात तेव्हा तेवढाच संवेग बंदुकीला मागे ढकलतो. हा संवेग बंदुकीच्या वजनात विभागला जातो, आणि त्यातून बंदुकीचा मागे येण्याचा वेग व ऊर्जा ठरते. दुर्बिणीसह ८ पाउंड, म्हणजे सुमारे ३.६ किलो वजनाची रायफल धरून मी नेहमीच्या भारांचा हिशेब केला आहे. ६.५ क्रीडमूरमधून १४३ ग्रेनची गोळी सुटली की खांद्याकडे साधारण १३ फूट-पाउंड ऊर्जा येते, ७ एमएम-०८ मधून १४० ग्रेनची सुटली की साधारण १४, .३०८ विंचेस्टर (१६५ ग्रेन) आणि .२७० विंचेस्टर (१३० ग्रेन) या दोन्हींतून साधारण १७, .३०-०६ मधून १८० ग्रेनची सुटली की साधारण २२, आणि .३०० विंचेस्टर मॅग्नममधून तीच १८० ग्रेनची गोळी सुटली की साधारण ३०. दारूचे वजन आणि वायूचा वेग किती धरला यावर हे आकडे थोडे पुढेमागे होतात, पण त्यांचे परस्पर प्रमाण बदलत नाही. मॅग्नमचा धक्का ७ एमएम-०८ च्या दुपटीहून अधिक असतो.

याच हिशेबात एक गोष्ट लपलेली आहे, जी दुकानात कोणी आपणहून सांगत नाही. बंदूक हलकी केली की धक्का त्याच प्रमाणात वाढतो. डोंगर चढायला सोपी म्हणून विकली जाणारी साडेसहा पाउंडांची रायफल ७ एमएम-०८ मध्ये घेतली तर धक्का साडेसतराच्या आसपास जातो, म्हणजे ८ पाउंडांच्या .३०८ एवढा. जो माणूस सौम्य काडतूस निवडतो आणि मग अत्यंत हलकी रायफल घेतो, त्याने एका हाताने कमावलेले दुसऱ्या हाताने घालवलेले असते. दहा हजार फुटांच्या उंचीवर प्रत्येक अर्धा पाउंड जाणवतो हे मला मान्य आहे. तरीही दुर्बीण आणि पट्ट्यासह साडेसात ते आठ पाउंड हा मला योग्य मध्य वाटतो, आणि वजन कमी करायचेच असेल तर ते पाठपिशवीतून करावे.

धक्का महत्त्वाचा का, हे एकदा चांदमारीच्या मैदानावर जवळून पाहिले की विसरता येत नाही. आमच्या ओळखीतल्या एका धडधाकट, उंचापुऱ्या तरुणाने .३०० मॅग्नम विकत घेतली होती आणि त्याच्या गोळ्या निशाणावर खाली-डावीकडे विखुरत होत्या. त्याला दुर्बिणीचा दोष वाटत होता. मी त्याच्या नकळत खऱ्या काडतुसांच्या मध्ये एक बनावट, दारू नसलेले काडतूस भरून दिले. त्याने चाप ओढला, आतली कळ नुसती टक् करून पडली, आणि धक्का मुळीच नसताना बंदुकीचे तोंड बोटभर खाली गेले, उजवा खांदा पुढे आला आणि दोन्ही डोळे घट्ट मिटले. बार उडण्याच्या आधीच त्याचे शरीर येणाऱ्या आघाताला तोंड द्यायला सरसावले होते. ही भित्रेपणाची खूण नव्हे. आवाज आणि आघात एकत्र येतात तेव्हा शरीर ते आपणहून शिकते, आणि एकदा शिकले की इच्छाशक्तीने पुसून टाकता येत नाही; त्यासाठी महिनोन्‌महिने .२२ च्या छोट्या रायफलीवर नव्याने सराव करावा लागतो. त्या तरुणाने पुढे तेच केले आणि आज तो .३०८ ने फार सुरेख नेम धरतो.

मॅग्नमची बाजू मांडणारे लोक म्हणतात, की शिकारीच्या क्षणी धक्का जाणवतच नाही. ते खरे आहे. समोर एल्क असताना मलाही धक्का जाणवत नाही. परंतु शरीराने दचकण्याची सवय मैदानावर लावून घेतलेली असते आणि ती सवय डोंगरावर सोबत येते, शिवाय ज्या बंदुकीने खांदा दुखतो तिच्याशी सराव करणे माणूस टाळतो. उन्हाळाभर सौम्य रायफलीने बसून, गुडघा टेकून, काठ्यांच्या आधाराने नियमित सराव केलेला माणूस आणि हंगामाच्या आदल्या आठवड्यात मॅग्नमच्या मोजक्या गोळ्या झाडून समाधान मानणारा माणूस, या दोघांपैकी कोणाच्या गोळीने एल्क लवकर आणि कमी वेदनेत मरेल, याविषयी माझ्या मनात शंका नाही.

सौम्य धक्क्याचा आणखी एक लाभ आहे आणि तो मला सर्वांत मोलाचा वाटतो. बार उडाल्यावरही प्राणी दुर्बिणीत दिसत राहतो. मागे एका ऑक्टोबरात संध्याकाळी अ‍ॅस्पेनच्या कडेला उभ्या असलेल्या मादीवर मी बार टाकला तेव्हा गोळी लागताच तिचे पुढचे पाय क्षणभर लटपटलेले, पाठ किंचित वाकलेली आणि डोके खाली गेलेले मला स्पष्ट दिसले, त्यामुळे गोळी छातीत लागली हे तिथेच कळले. बंदूक खांद्यावरून न हलवता बोल्ट मागे-पुढे करून दुसरी गोळी नळीत चढवता आली, आणि ती अजून उभी होती म्हणून दुसरा बार लगेच टाकता आला. एल्क हा चिवट प्राणी आहे. वर्मी लागलेली गोळी घेऊनही तो काही पावले असा चालतो, जणू काही झालेच नाही, आणि अशा वेळी तो खाली पडेपर्यंत बार टाकत राहणे हेच कर्तव्य असते. मोठ्या काडतुसाच्या धक्क्याने दुर्बीण आकाशाकडे गेली की हे सगळे दिसायचे राहून जाते, आणि मग प्राणी कोणत्या दिशेला गेला इथपासून शोध सुरू करावा लागतो.

या कसोट्या लावल्यावर पर्याय फारसे उरत नाहीत. .२४३ विंचेस्टर मी बाजूला ठेवते. १०० ग्रेनची गोळी कायद्याला पुरेशी असली, आणि अचूक नेमाच्या शिकाऱ्यांनी तिने पुष्कळ एल्क मारले असले, तरी प्राणी किंचित तिरका उभा असेल आणि खांद्याचे हाड मध्ये येत असेल तर तिथे हातात काही राखीव उरत नाही. ज्या मुलांना त्याहून मोठी बंदूक पेलवत नाही त्यांनी अगदी आडव्या उभ्या एल्कवर, जवळून आणि मोठ्या माणसाच्या देखरेखीखालीच ती वापरावी.

६.५ क्रीडमूर हे हॉर्नडी कंपनीचे २००७ सालचे काडतूस मुळात निशाणबाजीच्या स्पर्धांसाठी तयार झाले. त्याच्या लांब गोळीचा छेदघनत्वाचा आकडा, म्हणजे गोळीच्या वजनाला तिच्या व्यासाच्या वर्गाने भागून येणारी संख्या, १४३ ग्रेनसाठी .२९३ येतो, आणि तो १८० ग्रेनच्या .३० कॅलिबर गोळीच्या .२७१ पेक्षाही अधिक आहे. शरीरात खोल जाण्याच्या दृष्टीने ही मोठी जमेची बाजू होय. ज्यांच्याकडे आधीच ६.५ क्रीडमूर आहे त्यांनी केवळ एल्कसाठी नवी बंदूक घेऊ नये असेच मी सांगते. त्यांनी फक्त गोळी योग्य निवडावी. नव्याने घेणाऱ्याला मात्र मी ७ एमएम-०८ सुचवते, कारण त्याची गोळी थोडी जाड, .२८४ इंच व्यासाची असते, एल्कच्या छातीत तेवढे मोठे छिद्र पडते, आणि धक्क्यातला फरक खांद्याला कळतही नाही. या दोहोंतला फरक तसा बारीकच आहे, आणि त्यावरून वाद घालण्यात मला रस नाही.

७ एमएम-०८ हे काडतूस रेमिंग्टनने १९८० साली बाजारात आणले. .३०८ विंचेस्टरच्या पितळी कवचाची मान ७ मिलिमीटरच्या गोळीसाठी अरुंद केली की ते तयार होते. १४० ग्रेनची गोळी त्यातून सेकंदाला साधारण २,८०० फुटांच्या वेगाने निघते, नळीच्या तोंडाशी तिच्यात २,४०० फूट-पाउंडांहून थोडी अधिक ऊर्जा असते, आणि ३०० यार्डांवर पोहोचताना चांगल्या आकाराच्या गोळीत १,५०० च्या आसपास शिल्लक राहते. .३०० मॅग्नममध्ये त्या अंतरावर २,३०० च्या आसपास उरते, हे मी लपवत नाही. मात्र ती जादा ऊर्जा चुकीच्या जागी लागलेल्या गोळीला बरोबर जागी नेत नाही.

आपल्या वाचकांना हे काडतूस परके वाटण्याचे कारण नाही, कारण त्याचा पूर्वज हिमालयाच्या पायथ्याशी पुष्कळ फिरलेला आहे. जर्मन माउझरचे ७×५७ हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचे काडतूस ब्रिटनमध्ये .२७५ रिग्बी या नावाने ओळखले गेले, आणि १९०७ साली चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्यूएट यांनी जिम कॉर्बेट यांना भेट दिलेली रायफल याच काडतुसाची होती. गोळीचा व्यास तोच, वेगही जवळपास तोच. ७ एमएम-०८ चे कवच आखूड आहे एवढाच ठळक फरक. आफ्रिकेत डब्ल्यू. डी. एम. बेल यांनी याच ७×५७ ने शेकडो हत्ती मारल्याचा दाखला अनेकदा दिला जातो, पण तो एल्कच्या शिकारीला लागू करणे मला योग्य वाटत नाही. बेल न फुगणारी, कठीण आवरणाची गोळी थेट मेंदूच्या दिशेने, अगदी जवळून झाडत असत. आपली गोळी फुगणारी असते आणि आपले लक्ष्य फुप्फुसे असतात.

इथे मी सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याशी येते, आणि तो म्हणजे काडतुसापेक्षाही गोळी. जॉन नोझ्लर या अमेरिकी गृहस्थांनी १९४६ साली ब्रिटिश कोलंबियात मूसवर .३०० हॉलंड अँड हॉलंड मॅग्नममधून गोळ्या झाडल्या आणि तो नर पडेना. त्या काळच्या गोळ्या वाळलेल्या चिखलाने माखलेल्या जाड कातडीवर वरच्यावरच फुटत होत्या. त्यातून त्यांनी पार्टिशन नावाची गोळी घडवली, जिच्यात तांब्याच्या मिश्रधातूच्या आवरणाची एक आडवी भिंत मधोमध असते. पुढचे शिसे फुगते, आणि भिंतीमागचे शिसे तसेच राहून गोळीला आत ढकलत नेते. मॅग्नम काडतूसही कमकुवत गोळीमुळे अपुरे पडले आणि गोळी सुधारल्यावर प्रश्न सुटला, ही या विषयातली माझ्या दृष्टीने सर्वांत बोलकी हकिगत आहे. आज पार्टिशनखेरीज शिसे आणि आवरण एकजीव केलेल्या बॉन्डेड गोळ्या मिळतात आणि बार्न्ससारख्या कंपन्यांच्या संपूर्ण तांब्याच्या गोळ्याही मिळतात.

मी बरीच वर्षे १४० ग्रेनची बॉन्डेड गोळी वापरत आले आहे. एका नराच्या पलीकडच्या खांद्यालगत, कातडीच्या अगदी आत, अशी एक गोळी मला मांस कापताना सापडली. तिचा पुढचा अर्धा भाग भूछत्रासारखा उलगडून मूळ व्यासाच्या जवळजवळ दुप्पट झाला होता, कडा मागे वळलेल्या होत्या, मागचा अर्धा भाग कारखान्यातून आला तसा गोल आणि सरळ होता, आणि तळाशी नळीच्या आतल्या आट्यांचे तिरके ओरखडे स्पष्ट दिसत होते. एवढा मोठा प्राणी आडवा भेदून ती अखंड राहिली होती. अशी गोळी हातात घेतल्यावर ७ एमएमची ताकद कमी पडेल का हा प्रश्न मला पुन्हा पडला नाही.

अलीकडे मी तांब्याच्या गोळ्यांकडे वळते आहे, आणि त्याचे कारण शिकारीच्या पलीकडचे आहे. शिशाची गोळी फुटताना तिचे बारीक कण मांसात आणि आतड्यांत विखुरतात. आपण रानात सोडलेल्या आतड्यांवर गरुड, कावळे आणि दक्षिणेकडे कॉन्डॉर येतात, आणि त्यांना शिशाची विषबाधा होते. कॅलिफोर्नियाने १ जुलै २०१९ पासून शिकारीसाठी शिशाच्या गोळ्यांवर पूर्ण बंदी घातली आहे. कोलोरॅडोत तशी सक्ती नसली तरी घरात लहान मुले ते मांस खाणार असतील तर हा विचार करावाच. तांबे शिशाहून हलके असल्यामुळे त्याच वजनाची गोळी लांब होते, म्हणून ७ एमएम-०८ मध्ये १२० ते १४० ग्रेनची तांब्याची गोळी घेतली जाते. हलकी गोळी घेतल्याने धक्का आणखी कमी होतो, आणि तांबे तुटत नसल्यामुळे खोली कमी पडत नाही. एवढे मात्र ध्यानात ठेवावे, की तांब्याची गोळी नीट उलगडायला पुरेसा वेग लागतो. बहुतेक बॉन्डेड गोळ्या वेग सेकंदाला १,८०० फुटांपर्यंत उतरला तरी फुगतात, पण तांब्याच्या पुष्कळशा गोळ्यांना मी २,००० फुटांखाली वापरत नाही.

बंदुकीच्या मापाविषयीही थोडे सांगायला हवे. ७ एमएम-०८ च्या बाजूने एक व्यावहारिक मुद्दा असा, की लहान चणीच्या माणसांसाठी आखूड दस्त्याच्या ज्या रायफली येतात, त्यांत हे काडतूस हमखास मिळते. चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंतचे अंतर आपल्या हाताला जुळले नाही तर डोळा दुर्बिणीच्या फार जवळ जातो, खांद्याऐवजी दंडावर धक्का बसतो, आणि सौम्य काडतूसही बोचू लागते. लांब दस्ता असलेल्या रायफलीने माझ्या दंडावर निळे डाग पडत असत. तोच धक्का योग्य मापाच्या दस्त्यातून आला तेव्हा काहीच जाणवले नाही. दस्त्याच्या टोकाला मऊ रबराची गादी असावी आणि जाड जाकीट घालून दस्त्याचे माप पुन्हा तपासावे, कारण ऑक्टोबरच्या थंडीत आपण शर्टावर नसतो. अशा छोट्या रायफलींची नळी बहुधा आखूड असते, आणि दर इंचाला गोळीचा वेग अंदाजे २० ते २५ फुटांनी घटतो. २० इंचांची नळी मला चालते, त्याहून आखूड नको.

नळीच्या तोंडाला ब्रेक, म्हणजे वायू बाजूला वळवणारा तुकडा, बसवून मॅग्नमचा धक्का कमी करता येतो, हे खरे आहे. परंतु साध्या रायफलीचा आवाजच १६० डेसिबलच्या आसपास असतो, आणि ब्रेकमुळे तो शिकाऱ्याच्या आणि शेजारी बसलेल्याच्या कानांवर थेट आदळतो. शिकारीत कान झाकायला अनेकदा वेळ मिळत नाही, आणि गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. दचकण्याच्या सवयीत आवाजाचा वाटा धक्क्याइतकाच असतो असे माझे निरीक्षण आहे, म्हणून सरावाच्या वेळी कानात बोळे आणि वरून कर्णकवच असे दुहेरी संरक्षण घ्यावे.

अंतराबाबत मी ठाम आहे. २०० यार्डांवर नेम जुळवून घेतला की ३०० यार्डांवर माझी गोळी साधारण साडेसात इंच खाली लागते, जे छातीच्या उंचीत सहज सामावते. ४०० यार्डांवर ती वीस इंचांहून अधिक खाली जाते, वाऱ्याचा प्रभाव वाढतो, आणि गोळी उडाल्यापासून लागेपर्यंतच्या वेळात एल्क एक पाऊल टाकू शकतो. डोंगरावरच्या विरळ हवेत वेग समुद्रसपाटीच्या तक्त्याहून थोडा अधिक टिकतो, पण त्या जोरावर मर्यादा वाढवणे मला पटत नाही. समोरून येणारा किंवा पाठमोरा एल्क मी सोडून देते. आडवा किंवा किंचित पुढे तोंड करून तिरका उभा राहिला की पुढच्या पायाच्या मागच्या रेषेवर, छातीच्या खालच्या तृतीयांशात नेम धरते. तिरका असेल तर पलीकडच्या खांद्याचा विचार करून गोळी मागून घालते. याच मर्यादा पाळायच्या असतील तर .३०० मॅग्नमच्या जादा पल्ल्याचा उपयोग उरत नाही, आणि मग त्याचा धक्का सोसायचा कशासाठी, हे मला आजवर कोणी समजावून देऊ शकलेले नाही.

ज्यांच्या घरात आधीच .३०८ किंवा .२७० आहे त्यांनी तीच ठेवावी. .२७० हे काडतूस १९२५ पासून आणि .३०८ हे १९५२ पासून एल्कच्या रानात वापरात आहे, आणि १५० ते १६५ ग्रेनच्या चांगल्या गोळीने .३०८ ला काहीच कमी नाही. धक्का थोडा अधिक असतो, पण ८ पाउंडांच्या बंदुकीत तो बहुतेकांना सहन होतो. .३०-०६ ची गोष्ट वेगळी आहे. १९०६ पासूनचे हे काडतूस एल्कसाठी उत्तमच आहे, पण मला १८० ग्रेनच्या भाराने दिवसभर सराव करता येत नाही, आणि ज्या बंदुकीने सराव करता येत नाही ती मी निवडत नाही.

७ एमएम-०८ ची एक खरी उणीव सांगायला हवी, ती म्हणजे काडतुसांची उपलब्धता. मीकर किंवा क्रेगसारख्या छोट्या गावातल्या दुकानात ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात .३०८, .३०-०६ आणि ६.५ क्रीडमूरचे डबे दिसतात, ७ एमएम-०८ चे असतीलच असे नाही, आणि असले तरी आपल्या गोळीचे नसतात. त्यामुळे जूनमध्येच एकाच लॉट क्रमांकाचे पुरेसे डबे घ्यावेत, त्यांतल्या दोन डब्यांवर नेम जुळवून सराव करावा आणि उरलेले शिकारीसाठी राखावेत. लॉट बदलला की गोळी लागण्याची जागा थोडी सरकू शकते. एक डबा बंदुकीच्या पेटीपासून वेगळा, दुसऱ्या पिशवीत ठेवावा, म्हणजे एखादी पिशवी गहाळ झाली तरी हंगाम वाया जात नाही. आणि तळावर पोहोचल्यावर, प्रवासात दुर्बिणीला धक्का लागला असेल हे गृहीत धरून, शिकार सुरू होण्याच्या आदल्या दिवशी १०० यार्डांवर निदान दोन बार टाकून नेम जागेवर आहे याची खात्री करून घ्यावी.